पृथ्वी शॉला आठ महिने, संजीवनीला दोन वर्षं: डोपिंगला दोन न्याय कसे?

पंचवटीकर: नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी पळणाऱ्या पोरांत यावरून जुंपली होती, म्हणून धागा काढतोय. पृथ्वी शॉचा नमुना 22 फेब्रुवारी 2019 चा, सापडलं टर्ब्युटालिन. खोकल्याचं औषध घेतलं, म्हणाला. बीसीसीआयने जुलैअखेर बंदी जाहीर केली, पण मोजली 16 मार्चपासून! कागदावर बंदी सुरू आणि गडी तोवर आयपीएल खेळून मोकळा. आपली धावपटू संजीवनी जाधव, तिची प्रोबेनेसिड या औषधापायी अख्खी दोन वर्षं गेली. शॉचा खटला चालवणारे आणि निकाल देणारे एकच, बीसीसीआय, मग काय होणार?

सिडकोचा स्पिनर: तुलनाच चुकतेय. प्रोबेनेसिडमुळे दुसरं औषध लघवीत कमी उतरतं, म्हणून ते लपवाछपवीचं औषध म्हणून बंदीच्या यादीत आहे. तिने का घेतलं हे मी बोलत नाही. आणि ऑगस्ट 2019 पासून क्रिकेटही नाडाकडेच, म्हणजे देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेकडेच आहे की.

पंचवटीकर: गेलं, पण किती ओढाताण करून! चाचणीसाठी रोजचा एक तास कुठे सापडाल ते पुढच्या तीन महिन्यांचं आधीच कळवायचं, बारा महिन्यांत तीनदा चुकलं की दोन वर्षांपर्यंत बंदी. धावपटू हे मुकाट्याने भरतात. 2009 मध्ये आपल्या क्रिकेटपटूंनी सुरक्षेचं कारण देऊन या अटीवर सहीच केली नाही.

सिडकोचा स्पिनर: आंद्रे रसेल याच कलमाखाली 2017 मध्ये वर्षभर बाहेर बसला. तो काय कबड्डी खेळतो?

मखमलाबादची मावशी: अमेरिकेतलं बघा. बेसबॉलमध्ये पहिल्यांदा 80 सामने, दुसऱ्यांदा 162, तिसऱ्यांदा कायमची हकालपट्टी. एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये पहिल्यांदा 25 सामने. ऑलिंपिकवाल्यांना मात्र जाणूनबुजून घेतल्यास चार वर्षं. तिकडे खेळाडूंची युनियन मालकांशी बसून शिक्षा ठरवते. मला तर हे बरंच वाटतं. आपल्या धावपटूंचं म्हणणं कोण ऐकतं?

पंचवटीकर: मावशी, चोराने शिक्षा ठरवायची?

मखमलाबादची मावशी: चोर कोण हे आधी ठरू द्या ना. पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी भागातल्या पोरीला वकील परवडतो का? क्रिकेटपटूच्या मागे दहा उभे राहतात.

आडगाव नाका: तुम्ही वरच्यांचं बोलताय. पोलीस भरतीच्या 1600 मीटरआधी पोरं सर्रास इंजेक्शनं घेतात, सुया तिथेच गवतात टाकतात. 2023 मध्ये दिल्लीत नाडाची माणसं आली म्हटल्यावर राज्य स्पर्धेच्या 100 मीटर फायनलला एकच पोरगा धावला! खालीच असं असेल, तर शॉचे महिने मोजून काय करता?

पंचवटीकर: दोन्ही मोजायचे. शॉचं सगळे बघतात म्हणूनच पोरं म्हणतात, पकडलं तरी काय होतंय.