‘निगेटिव्ह थिऑलॉजी’ला मराठीत काय म्हणावं?

शाईचा डाग: युरोपातली निगेटिव्ह थिऑलॉजी आणि चिनी लोकधर्म यांची तुलना करणाऱ्या लेखाचं भाषांतर करतेय आणि पहिल्याच परिच्छेदात गाडी अडलीय. ‘नकारात्मक ईश्वरशास्त्र’ लिहिलं, तर सासूबाई म्हणाल्या म्हणजे देव नाही म्हणणारे का? अर्थ नेमका उलटा आहे, देव आहेच, पण काहीही बोललं तरी ते तोकडं पडणार म्हणून तो काय नाही एवढंच सांगत जायचं. शुक्रवारी द्यायचंय, शब्द सुचवा.

दोन दमड्या: नेतिवाद! ‘नेति नेति’, म्हणजे ‘हे नव्हे, हे नव्हे’, बृहदारण्यकात आयतं पडलंय, उचला.

शाईचा डाग: मग वाचक उपनिषदातच जाऊन बसतो ना. इथे इ.स. ५००च्या आसपास ग्रीकमध्ये लिहिणारा ख्रिस्ती ईश्वरचिंतक डायोनिसियस आहे. शिवाय तो शेवटी म्हणतो की देव आपल्या होकाराच्या पलीकडे आहे तसा नकाराच्याही पलीकडे आहे.

पंतोजी: ‘निषेधमुख ईश्वरविद्या’. विधिमुख-निषेधमुख, म्हणजे होकाराने सांगणं आणि नकाराने सांगणं, ही जोडी वेदान्तात रुळलेली आहे. ‘नकारात्मक’ हा शब्द पेपरवाल्यांनी आणि करोनाच्या रिपोर्टांनी पार नासवला.

दोन दमड्या: निषेध म्हटलं की मला काळ्या फिती आणि तहसील कचेरी दिसते ओ.

तैपेकर: सात वर्षं तैवानात, तैपेत आहे म्हणून चिनी बाजूचं सांगतो. इथे देवाबद्दल बोलायचं नाही असं काही नसतं, उलट देव आपल्याबद्दल काय बोलेल याची धास्ती असते. चुलीचा देव चांद्र वर्षाच्या शेवटच्या महिन्यात वर जातो (आमच्याकडे २४ तारखेला, उत्तर चीनमध्ये २३) आणि घरात वर्षभर काय चाललं त्याची खबर जेड सम्राटाला, म्हणजे स्वर्गातल्या देवांच्या राजाला, देतो. म्हणून त्याला गोड चिकट पदार्थ ठेवायचा, काही घरांत चित्राच्या ओठांना मध फासतात. कोणी म्हणतं गोड बोलावं म्हणून, कोणी म्हणतं तोंडच उघडू नये म्हणून.

शाईचा डाग: अय्या, म्हणजे अक्षरशः तोंड गोड करणं! घेतलं हे.

पंतोजी: ‘चुलीचा देव’ फार ग्राम्य वाटतं. पाकशालादेवता लिहा.

तैपेकर: अहो माझ्या घरमालकिणीने तो गॅसच्या शेगडीवरच्या टाइलवर चिकटवलाय, तेलाने पिवळा पडलाय, त्याला पाकशालादेवता म्हणवत नाही.

दोन दमड्या: पण ताओ ते चिंग या जुन्या चिनी ग्रंथाच्या पहिल्याच ओळीत सांगता येतो तो ताओ खरा नव्हे असं आहे, म्हणजे चिनीही नेतिवादीच की.

तैपेकर: ते ग्रंथातलं झालं, देवळातल्या आजींना त्याचं काही नाही. त्या चंद्रकोरीसारखे लाकडाचे दोन तुकडे, ‘पोए’, जमिनीवर टाकतात. एक सपाट बाजूने आणि एक फुगीर बाजूने वर पडला की देव हो म्हणाला, दोन्ही फुगीर वर आले तर नाही, आणि दोन्ही सपाट वर आले तर देव हसला, म्हणजे प्रश्न नीट विचार. महत्त्वाचं असेल तर सलग तीनदा हो यावं लागतं.

तळकोकण: हो आमचो कौलच की! गुरव देवाक पाकळ्यो लावता, गाऱ्हाणा घालता, उजवी पडली की काम झाला. पण आमचो देव हसत नाय हां.

दोन दमड्या: कौल म्हणजे घरावरच्या कौलांवरूनच आला असणार, सुलटं पडलं की हो, उलटं पडलं की नाही.

पंतोजी: काहीही! अरबी ‘कौल’, म्हणजे शब्द, वचन. कौलनामा ऐकला नाहीत?

दोन दमड्या: म्हणजे कोकणातला देव अरबीत हो म्हणतो आणि तुम्हाला माझा नेतिवाद खपत नाही. बरंय.

शाईचा डाग: मंडळी, माझा शब्द??

पंतोजी: निषेधमुख. सांगितलंय.

तळकोकण: ता ऱ्हवांदे, पयला सांगा, कौल ‘लावतत’ की ‘घेतत’? आमच्याकडे लावतत, बायकोच्या माहेरी घेतत, लग्नापासून वाद चालू आसा.