माझ्या पणजीचा जुना स्टुडिओ-फोटो कॅनव्हासवर मोठा करायचा आहे : मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

वाईचं घर काकांनी विकायला काढलंय, त्यामुळे तिथल्या भिंतींवरचे जुने फोटो आमच्याकडे पुण्याला आलेत. त्यातले तीन कॅनव्हासवर मोठे करून हॉलमध्ये लावायचा विचार आहे.

पहिला पणजीचा, बाबांच्या अंदाजाने १९२० च्या आसपासचा. नऊवारी, नथ, मागे रंगवलेला पडदा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, जेमतेम ४ बाय ६ इंच. तिरका धरला की काळ्या भागावर चंदेरी चकाकी दिसते. दुसरा आजी-आजोबांचा, हाताने रंग भरलेला. तो काचेला चिकटून बसलाय. तिसरा आजोबांचा, काळी टोपी आणि कोट, ठणठणीत आहे.

एका प्रिंटवाल्याने "मोबाइलवर फोटो काढून पाठवा, बाकी आम्ही बघतो" म्हणत पणजीचा नमुना पाठवला. चेहरा तुकतुकीत, कपाळावरचं कुंकू गायब, नथीची चमकी झालेली. बाबांनी विचारलं, "ही कोण?"

तर प्रश्न असे: एवढ्याशा फोटोचा २४ बाय ३६ इंची कॅनव्हास होईल का? काचेला चिकटलेल्याचं काय करू? कृष्णधवल फोटोत रंग भरून घ्यावेत का? आणि आईचं म्हणणं, गेलेल्या माणसांचे फोटो म्हणजे दक्षिणेची भिंत आणि हार-गंध आलंच. यातून कसा मार्ग काढलात?

– ओसरी

शाईदौत :
ओसरी, आधी तो नमुना डिलीट करा. प्रिंटवाल्याने वापरलेलं असलं ॲप फोटो दुरुस्त करत नाही, नसलेला चेहरा अंदाजाने रंगवतं. कुंकू का गेलं तेही सांगतो. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटांवर (फोटो टिपायच्या काचांवर) लाल रंग उमटत नसे, म्हणून कुंकू काळं येतं. ॲपला तो डाग वाटतो आणि ते पुसून टाकतं. उलट निळा रंग अशा प्लेटवर फिकट, जवळजवळ पांढरा दिसतो. त्यामुळे लुगडं काळं दिसतंय म्हणून ते काळंच होतं असं नाही, लालभडकही असेल. रंग भरणारा काय भरणार? माझं मत, अजिबात भरू नका. आजी-आजोबांच्या फोटोतले रंग मात्र त्या वेळच्या कारागिराने भरलेत, ते तसेच ठेवा, रंग आपोआप बदलणारं 'ऑटो करेक्ट' बंद करून.

आकाराचं गणित सोपं आहे. कॅनव्हासला इंचाला १५० पिक्सेल पुरतात, म्हणजे ३६०० बाय ५४००. तुमचा फोटो ९०० डीपीआयने (इंचाला ९०० ठिपके) स्कॅन केला की तेवढे मिळतात. १२००ने करा, टिफ फाइल (तपशील न गमावणारी) ठेवा, आणि कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तिथे ती दाबली जाते. फक्त पिक्सेल मिळाले म्हणून मुळात नसलेला तपशील येत नाही, तेव्हा आधी नुसत्या चेहऱ्याचा तुकडा शेवटच्या मापात छापून भिंतीवर धरून बघा. मला विचाराल तर १६ बाय २४ जास्त शोभेल.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, फोटोचा थर काचेबरोबर निघून येतो. काचेसकट कॅमेऱ्याने वरून काढा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून. दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर (चकाकी कापणारे फिल्टर) लावले तर काचेची झळाळी जाते. पणजीच्या फोटोवरची चंदेरी चकाकीही तशीच आटोक्यात येते. ती चांदीच आहे, फोटोतली वर आलेली. पुसायला जाऊ नका.

चिंचोका :
आमच्याकडे आईंनी हौसेने कॅनव्हासला गंध लावलं. काच नाही, त्यामुळे डाग कायमचा. आता मूळ फोटोची छोटी प्रत काचेच्या फ्रेममध्ये देवघराशेजारी आहे. हार, गंध सगळं तिला. कॅनव्हास जिन्याच्या भिंतीवर. दोन्ही पक्ष खूश. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर लावू नका, ओल मागून येते आणि बुरशी धरते.

ओसरी :
चिंचोका, हे आईला नक्की पटेल. शाईदौत, आणखी एक. पणजीच्या फोटोत पडद्याची कड आणि स्टुडिओची उघडी फरशी दिसते. ते कापायचं का?

शाईदौत :
मुळीच नाही, मजा त्यातच आहे. उलट चारी बाजूंनी दोन-दोन इंच साधी तपकिरी पट्टी वाढवून घ्या, कारण कॅनव्हास लाकडी चौकटीवर दुमडताना तेवढा भाग कडेला जातो. नाहीतर पणजीच्या खुर्चीचे पाय भिंतीकडे वळतील. पिगमेंट शाई आणि मॅट वार्निश मागा. चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी आहेत ना तेही बघून घ्या, पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला तर त्या ठोकून ताणता येतो.