शब्दचर्चा : ‘बौद्ध अतिरेकी’, ‘मा बा था’ आणि ‘कला’

मूळ प्रश्न :
म्यानमारच्या बातम्यांत ‘बौद्ध अतिरेकी’ असं वाचायला मिळतं. आई दर पौर्णिमेला विहारात जाते. तिनं तो मथळा वाचला, पेपर खाली ठेवला आणि विचारलं, “आपल्यातले कोण गं हे?” महाराष्ट्रात ‘बौद्ध’ म्हटलं की १९५६ साली आणि नंतर दीक्षा घेतलेला समाजच डोळ्यांसमोर येतो. मग तिथल्या त्या मंडळींना मराठीत काय म्हणावं? आणि ‘मा बा था’ म्हणजे काय?

प्रतिसाद :
ताई, ‘मा बा था’ हे २०१३ साली निघालेल्या संघटनेचं आद्याक्षरांचं नाव. मूळ शब्द अम्यो, बाथा, थाथना. या तिन्हींच्या रक्षणासाठी संघटना. अम्यो म्हणजे वंश. बाथा म्हणजे पाली ‘भासा’, आपली भाषाच; पण ब्रह्मी, म्हणजे म्यानमारच्या भाषेत तिला ‘धर्म’ हाही अर्थ आला. थाथना म्हणजे पाली ‘सासन’, बुद्धाची शिकवण. हाच शब्द आपल्या सातबाऱ्यावर ‘महाराष्ट्र शासन’ म्हणून बसलाय! त्यांच्या नावात वंश पहिला आणि शिकवण शेवटी, हे मला फार बोलकं वाटतं. त्यांनी लावून धरलेले धर्मांतर, आंतरधर्मीय विवाह वगैरेंवरचे चार कायदे २०१५ मध्ये झाले. २०१७ मध्ये मात्र तिथल्या सर्वोच्च भिक्खू समितीनंच हे नाव वापरायला बंदी केली. म्हणून सरसकट ‘बौद्ध अतिरेकी’ नको. ‘उग्र राष्ट्रवादी भिक्खू’ म्हणा, किंवा सरळ संघटनेचं नाव घ्या.

दुसरा प्रतिसाद :
‘कला’ या शब्दाकडेही बघा. आपली कला नव्हे. पश्चिमेकडून, मुख्यतः भारतातून आलेल्या माणसाला ब्रह्मी भाषेत ‘कला’ म्हणतात. व्युत्पत्तीवर वाद आहे. कुणी ‘कुल’ सांगतं, कुणी ‘काळा’. गंमत अशी की त्यांच्या रोजच्या बोलण्यात तो सगळीकडे आहे : खुर्ची म्हणजे ‘कला-ठाइं’, हरभरा म्हणजे ‘कला-पे’. खुर्चीला कुणाचा आक्षेप नाही. पण मुसलमान माणसाच्या तोंडावर तोच शब्द फेकला की ती शिवी होते, आणि २०१२ साली राखाइन प्रांतात (जुनं नाव आराकान) झालेल्या दंगलींपासून तो फेकलाच जातोय.

‘बंगाली’चंही तेच. आपल्या कानाला तो निरुपद्रवी वाटतो, पण तिथे त्याचा अर्थ ‘तुम्ही इथले नाही’ असा होतो. २०१४च्या जनगणनेत स्वतःला ‘रोहिंग्या’ म्हणवणाऱ्या राखाइनमधल्या मुसलमानांची नोंदच घेतली नाही. ‘बंगाली’ म्हणवून घ्या, नाहीतर वगळले जा. वास्तविक फ्रान्सिस बुकानन यानं १७९९ मध्येच आराकानच्या मुसलमानांचं ‘रूइंगा’ हे नाव नोंदवलंय. रोहांग म्हणजे आराकान, त्यावरून ते.

कायद्यातला कळीचा शब्द ‘ताइंयिन्था’. त्याला मराठीत ‘भूमिपुत्र’ इतका चपखल शब्द दुसरा नाही, आणि त्या शब्दाचं वजन आपल्याला वेगळं सांगायला नको. १९८२च्या नागरिकत्व कायद्यात १८२३ ही सीमारेषा धरली, म्हणजे त्याआधी तिथे वसलेल्या जमातीच भूमिपुत्र. सरकारी यादीतल्या १३५ जमातींत रोहिंग्या नाहीत. २०१७ मध्ये लष्कराच्या कारवाईमुळे त्यांच्यातली सात लाखांहून जास्त माणसं नाफ नदीपलीकडे बांगलादेशात पळाली, त्यांना आपल्या पेपरांनी ‘घुसखोर’ लिहिलेलं वाचलं की मला चीड येते. ज्याचं घर जाळलं तो निर्वासित.

मूळ प्रश्नकर्ती :
दादा, मनापासून आभार. ‘९६९’ चळवळीबद्दल वाचलं तेव्हा मी सुन्न झाले. बुद्धाचे ९ गुण, धम्माचे ६, संघाचे ९. दुकानांवरच्या ‘७८६’ला उत्तर म्हणून विराथू नावाचे भिक्खू आणि त्यांच्या साथीदारांनी हा आकडा स्टिकरांवर छापला, मुसलमानांच्या दुकानांवर बहिष्कार घालायला. हे गुण आई रोज त्रिरत्न वंदनेत म्हणते! आम्ही दोघींनी बोटांवर मोजले. अरहं, सम्मासम्बुद्धो... नऊ. स्वाक्खातो पासून सहा. संघवंदनेत आई ‘पाहुणेय्यो’ला थांबली. पाहुणचाराला योग्य, असा अर्थ. आपला पाहुणाच की तो!

मग तिला म्यानमारमधल्या मेइक्तिला शहराचं सांगितलं. मार्च २०१३ मध्ये तिथे दंगल पेटली तेव्हा विथुद्धा नावाच्या भिक्खूंनी आपल्या मठात शेकडो मुसलमानांना आसरा दिला आणि जमावाच्या हाती लागू दिलं नाही. आई म्हणाली, “मग त्यांना काय म्हणतात पेपरात?”

यावर कुणी शब्द सुचवेल का?

प्रतिसाद :
‘भिक्खू’. विशेषण लावायचं ते विराथूंना लावा.