कोसेट हा सबग्रुप का नाही?

कोसेट हा सबग्रुप का होत नाही, असं वर विचारलंय. (मूळ सबग्रुप स्वतःही एक कोसेटच, तो सोडून बोलतोय.) ग्रुप म्हणजे असा संच, ज्यात दोन सदस्यांवर क्रिया, उदा. बेरीज, केली की उत्तर आतच राहतं, बेरजेतल्या ० सारखा काहीच न बदलणारा सदस्य असतो आणि प्रत्येकाचा उलटा सदस्यही असतो. सबग्रुप म्हणजे त्याच्या आतला छोटा ग्रुप. सबग्रुपच्या प्रत्येक सदस्याला ग्रुपमधला एकच ठरावीक सदस्य जोडला की मिळतो तो कोसेट. आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. पूर्णांकांचा बेरजेचा ग्रुप, त्यात १२ च्या पटींचा सबग्रुप. सिंहस्थाची २००३, २०१५, २०२७ ही वर्षं एकाच कोसेटमध्ये पडतात, कारण १२ ने भागल्यावर बाकी ११ उरते. (सिंहस्थ गुरू ग्रहाच्या फेरीवर ठरतो आणि ती १२ वर्षांहून जरा कमी, म्हणून या तीन वर्षांपुरतंच बोलतोय.) या कोसेटमध्ये ० नाही. शिवाय २००३ + २०१५ = ४०१८, बाकी १०, म्हणजे बेरीज कोसेटबाहेर गेली. मग सबग्रुप कसा होणार?

पण खरी गंमत पुढे आहे. दोन कोसेटमधून कुठलेही सदस्य उचलून बेरीज करा, उत्तर दर वेळी एकाच ठरावीक कोसेटमध्ये पडतं. म्हणून १२ कोसेटचा मिळून नवा ग्रुप बनतो, क्वोशंट ग्रुप. हे दर वेळी जमत नाही! तीन वस्तूंच्या ६ अदलाबदलींचा ग्रुप घ्या; इथे गुणाकार म्हणजे एकापाठोपाठ एक अदलाबदल करणं. त्यात पहिल्या दोन वस्तूंची अदलाबदल आणि 'काहीच न हलवणं' एवढाच सबग्रुप धरला, तर डावे-उजवे कोसेट (सबग्रुपला डावीकडून किंवा उजवीकडून गुणून मिळणारे) वेगळे निघतात आणि कोसेटचा गुणाकार फसतो. नॉर्मल सबग्रुपची अट, म्हणजे डावे-उजवे कोसेट एकच असणं, त्यासाठीच. व्याख्या पाठ करण्याआधी हे सहाही सदस्य कागदावर मांडून बघाच.