मॅराडोनाला ‘वाया गेला’ म्हणणाऱ्यांसाठी

टिळकवाडीकर: काल एकानं लिहिलं, "मॅराडोनानं देवानं दिलेलं सगळं मातीत घातलं, असल्या माणसाचं कौतुक पोरांपुढं करू नका." डोकंच सणकलं. मातीत? 1984 ला हा अर्जेंटिनाचा खेळाडू इटलीतल्या नेपल्सला गेला तेव्हा तिथल्या नापोली क्लबनं एकदाही इटलीची फुटबॉल लीग जिंकलेली नव्हती. 1987 आणि 1990 ला जिंकली, मधे 1989 ला यूएफा कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची स्पर्धा. उत्तरेकडचे श्रीमंत क्लबवाले ज्यांना घाणेरडे म्हणून हिणवायचे, त्या गावासाठी केलं हे. व्यसन होतंच, नाही कोण म्हणतंय? पण त्याचे पाय बघा की जरा. 1982 च्या वर्ल्ड कपात इटलीविरुद्धच्या एका मॅचमध्ये त्याच्यावर 23 फाऊल झाले, इटलीचा बॅक जेंतिले सारखा मागं; 1983 ला स्पेनमध्ये गोइकोएचेआ नावाच्या बॅकनं घोटा मोडला. पुढं इंजेक्शनं टोचून टोचून खेळवलं त्याला.

शहापूरवाला: ती पोस्ट माझी. इंजेक्शन डॉक्टरनं दिलं, कोकेन कुणी दिलं? 1991 ला 15 महिने बंदी, 1994 ला एफेड्रिन या बंदी असलेल्या औषधापायी वर्ल्ड कपमधनं घरी. नेपल्समधल्या स्वतःच्या पोराला, इटलीच्या कोर्टानं बाप तूच म्हणून सांगितल्यावरही कित्येक वर्षं जवळ केलं नाही. गोल मारले की सगळं माफ?

अनगोळची ताई: दादा, तुमच्या घरात कोण पिणारं नाही वाटतं. माझा भाऊ सकाळी शपथ घ्यायचा आणि संध्याकाळी गोव्याची बाटली घेऊन यायचा. लबाड नव्हता, आजारी होता.

खानापूरचा बॅक: फाऊलचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. माझा गुडघा इथल्याच एका फायनलला गेला. मैदान मुरमाड, रेफ्री आयोजकाचा मेहुणा. मी खाली पडून ओरडतोय, हा घड्याळ बघतोय! घरी आईनं हळद-तुरटीचा लेप घातला. एमआरआय झाला तोवर खेळ संपलेला.

कॅम्पकर: म्हणून म्हणतो, कोल्हापूर बघा. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल टीमची मॅच असली की पेठाच्या पेठा लोटतात. आपल्याकडं बेळगावात मैदान दिसलं की प्रदर्शनाचा मांडव.

खानापूरचा बॅक: कोल्हापूरचं कौतुक नको सांगू. तिथं मॅच कमी आणि हुल्लड जास्त.

कॅम्पकर: हुल्लड करायला तरी माणसं येतात. तुमच्या फायनलला मेहुण्याशिवाय कोण होतं?

खानापूरचा बॅक: तू किती मॅच खेळलास रे? कट्ट्यावर बसून भडंग खाणारे सगळे कोच!

टिळकवाडीकर: भांडण बाहेर करा, धागा मॅराडोनाचा आहे. शहापूरवाले, पोराचं तेवढं मान्य. लाजिरवाणं होतं. पण 1986 च्या वर्ल्ड कपातला इंग्लंडविरुद्धचा दुसरा गोल बघितलाय का कधी? स्वतःच्या हाफमधनं बॉल घेऊन निघाला, त्यांचा बॅक बुचर दोनदा चकला, शेवटी गोलकीपर शिल्टनलाही बसवलं.

शहापूरवाला: बघितलाय. चार मिनिटं आधीचा हातानं मारलेलाबी बघितलाय. खेळ देवाचा, बास! माणूस म्हणून माझं मत तेच. आणि ताई, तुमच्या भावाबद्दल मी काही बोललो नव्हतो.

अनगोळची ताई: बोलला नाहीत, पण लागलं.

खानापूरचा बॅक: त्या इंग्लंडच्या मॅचमधल्या ट्युनिशियाच्या रेफ्रीला निदान हात दिसला नव्हता. आमच्याकडं दिसूनबी शिट्टी वाजत नाही.