प्रमाणपत्र नक्की कोणत्या आवृत्तीचं?

सरकारी निविदांमध्ये नेटवर्क सुरक्षेची उत्पादनं विकण्याच्या चर्चेत आलेलं 'सरकारी ग्राहक फक्त कमी दर बघतो, उत्पादन बघतच नाही' हे मत मला अर्धंच पटतं. दराचे लिफाफे उघडण्याआधी बहुतेक ठिकाणी तांत्रिक छाननी होते आणि चांगले चांगले फायरवॉल (नेटवर्कमध्ये येणारी-जाणारी माहिती तपासून नको ती अडवणारी उपकरणं) तिथेच बाद होतात.

बऱ्याचदा अडतं ते प्रमाणपत्रावर. कॉमन क्रायटेरिया (आयटी उत्पादनांची सुरक्षा तपासण्याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ/आयईसी १५४०८) असो की कूटलेखनासाठीचं अमेरिकी मानक फिप्स १४०-३, ही प्रमाणपत्रं कंपनीला मिळत नाहीत. ठरावीक उत्पादनाच्या ठरावीक आवृत्तीला मिळतात. विक्रेता उत्साहाने नव्या फर्मवेअरचा (उपकरणातल्या सॉफ्टवेअरचा) डेमो देतो, कागद मात्र जुन्या आवृत्तीचा. समितीने दोन्ही क्रमांक शेजारी ठेवले की विषय संपला. माझ्या डोळ्यांसमोर हे घडलंय, वर्षभराची मेहनत गेली, फार वाईट वाटलं. शिवाय कॉमन क्रायटेरियाच्या २०१४ च्या करारानुसार परस्पर मान्यता सर्वसाधारणपणे ईएएल २ (ईएएल म्हणजे तपासणी किती खोलवर झाली याची पातळी) पर्यंतच आहे. ईएएल ४ चा कागद दुसऱ्या देशात तसाच चालेल असं गृहीत धरू नका.

निविदापूर्व बैठकीत शंका लेखीच विचारा. तोंडी उत्तराला नंतर किंमत नसते.

आणि एक प्रश्न आपणहून काढा: इंटरनेटपासून पूर्ण तोडलेल्या नेटवर्कमध्ये सिग्नेचर अपडेट (नव्या हल्ल्यांच्या ओळखखुणांची ताजी यादी) कसे पोहोचणार? क्लाउडवर अवलंबून असलेली निम्मी वैशिष्ट्यं तिथे बंद पडतात. हे आधीच स्पष्ट सांगणाऱ्या विक्रेत्याचं म्हणणं तिथले अभियंते पुढे लक्ष देऊन ऐकतात, हा माझा अनुभव.