पत्नीच्या इमिग्रंट व्हिसासाठी आर्थिक हमीची कागदपत्रे

प्रश्न: मी अमेरिकी नागरिक असून न्यू जर्सीत राहतो. पत्नीची मुलाखत मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात आहे. गेल्या वर्षी काही महिने नोकरी नसल्यामुळे करविवरणपत्रात उत्पन्न कमी दिसते, परंतु सध्याचा पगार पुरेसा आहे. आय-८६४ (प्रायोजकाने भरायचा आर्थिक हमीचा फॉर्म) सोबत काय जोडावे?

उत्तर: चालू वार्षिक उत्पन्न, कुटुंबातील सदस्यसंख्येनुसार ठरलेल्या अमेरिकी दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. त्यामुळे पद, पगार आणि रुजू झाल्याची तारीख नमूद केलेले कंपनीचे पत्र, अलीकडच्या पगारपावत्या आणि आयआरएसकडून (अमेरिकी करखात्याकडून) विनामूल्य मिळणारा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे करविवरणपत्राचा अधिकृत गोषवारा, जोडावा. उत्पन्न का घटले, हे एका पानात लिहून दिल्यास अधिकाऱ्याला समजणे सोपे जाते.

उत्तर: तरीही उत्पन्न अपुरे वाटल्यास, जितकी तूट असेल तिच्या तिप्पट मालमत्ता दाखवता येते, पत्नीच्या नावावरील भारतातील मुदत ठेवही, ती वर्षभरात रोख करून अमेरिकेत आणता येत असेल तर, चालते. सहप्रायोजक, म्हणजे तुमच्यासोबत हमी देणारी दुसरी व्यक्ती, मात्र अमेरिकेतच वास्तव्य असलेला नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक हवा, म्हणून, उदाहरणार्थ, पुण्यात राहणारे सासरे त्या जागी सही करू शकत नाहीत.

उत्तर: ही हमी कायदेशीर करार असून घटस्फोटानेही संपत नाही. सहप्रायोजक घेणार असाल, तर सहीपूर्वी त्यांना हे अवश्य समजावून सांगा.